व्हरांड्यातली खोली

आमच्या घरातली एक खोली मी मुद्दाम केली नाही. विसरलो नव्हतो. पुठ्ठा संपला नव्हता. जागाही कमी पडत नव्हती. ती खोली माझ्या मोठ्या बहिणीची होती, आणि ती कुणाला दिसू नये असं मला वाटत होतं. एवढं लिहून झालं, आता बाकीचं सांगणं तेवढं अवघड नाही. शिवाय ते घर आता जळगावला तिच्याकडे आहे, खोलीसकट. म्हणून तर लिहायला बसलो आहे. वर्षभरापूर्वी मला हे लिहिता आलं नसतं.

घर म्हणजे राहायचं घर नव्हे. मी छोटी घरं बनवतो. बाहुलीचं घर म्हटलं की लोकांना रंगीत प्लास्टिक आठवतं, पण माझी घरं खऱ्या घरांच्या मापानं केलेली असतात. अर्धा इंच म्हणजे एक फूट. दार साडेतीन इंचांचं. आत माणूस उभा केला तर तो पावणेतीन इंचांचा होईल, पण माणसं मी करत नाही, मला ती जमत नाहीत. खुर्च्या, पाट, मांडणी, शेगडी, दोरीवरचे कपडे हे सगळं करतो. आइस्क्रीमच्या काड्या, चहाचे पुठ्ठ्याचे खोके, ज्वारीच्या चिपाडातला मऊ गाभा, अशा वस्तूंतून. खाटेच्या विणीला केळीच्या खोडाचं वाळलेलं सोपट फार चांगलं. त्याचा धागा हवा तेवढा बारीक निघतो आणि रंगही सुतळीसारखाच दिसतो.

मी धुळ्यात एका सरकारी कार्यालयात आरेखक आहे. संगणक आला आणि हातानं रेघ मारायचं काम संपलं. हाताला काही तरी हवं म्हणून हे सुरू केलं. रोज सकाळी सहा ते आठ, गच्चीच्या जिन्याखाली एक टेबल आहे, तिथे. ऑफिसातले लोक विचारतात, साहेब, हे शिकलात कुठे? मी म्हणायचो, आपोआप.

तेही खरं नव्हतं. मी हे बहिणीकडून शिकलो.

तिला आम्ही अक्का म्हणतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. लहानपणी आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडील, म्हणजे आमचे नाना, रेल्वेत फिटर होते. भाद्रपदात गल्लीतल्या मुली घरोघरी गुलाबाई बसवायच्या, संध्याकाळी गाणी म्हणायच्या, खिरापत ओळखायच्या. बाकीच्या मुली गुलाबाईसमोर बाजारातली मातीची भांडी मांडायच्या. अक्का स्वतः करायची. काडेपेटीची कपाटं, खडूचा पाटा-वरवंटा, शाईच्या बाटलीच्या झाकणाची परात. मला ती चिकटवायला बसवायची आणि बोट हललं की टपली मारायची. "श्वास सोड आधी, मग चिकटव," म्हणायची. मी आजही श्वास सोडूनच चिकटवतो.

अक्काचं लग्न झालं तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. दोन वर्षांनी ती परत आली. का आली ते तिचं तिनं सांगायचं, मी इथे लिहिणार नाही. मी अकरावीत होतो. क्वार्टर दोन खोल्यांचं, पुढे दहा फुटांचा उघडा व्हरांडा. नानांनी पंधरा दिवसांत व्हरांड्याची दोन्ही अंगं पत्रे ठोकून बंद केली. क्वार्टरला असं काही करायची परवानगी नसते, पण प्रत्येकानंच केलेलं असायचं. पुढच्या बाजूला अर्ध्या भागात पत्रा आणि अर्ध्या भागात बांबूचा तट्ट्या, कडेला घरात जायपुरती वाट. आत एक खाट, एक शिलाई मशीन आणि अक्का. नऊ वर्षं.

त्या नऊ वर्षांत आमच्या गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या बायकांचे ब्लाउज त्या व्हरांड्यात शिवून झाले असतील. माझा डिप्लोमा त्याच मशीनच्या आवाजात झाला. मित्र घरी आले आणि "ही कोण रे?" असं विचारलं, तर मी सांगायचो, बहीण आहे, माहेरपणाला आली आहे. तिसऱ्या वर्षीही माहेरपणालाच. पाचव्या वर्षीही. एका मित्रानं एकदा हसून म्हटलं, "लई लांबलं रे माहेरपण." मी त्याला पुन्हा घरी आणलं नाही.

मागच्या वर्षी कळलं की भुसावळची ती जुनी क्वार्टरं पाडणार आहेत. मी रविवारी टेप आणि वही घेऊन गेलो. आमचं क्वार्टर रिकामं होतं. पुढे कुणा राहणाऱ्यानं की रेल्वेनं पत्रे कधीच काढून टाकले होते. व्हरांडा उघडा होता, नवा असताना होता तसा. मी भिंती मोजल्या, खिडक्या मोजल्या, कौलांच्या ओळी मोजल्या. व्हरांड्याच्या खांबांना खिळ्यांची भोकं होती. तीही मला दिसली. मी वहीत लिहिलं: व्हरांडा, दहा बाय सहा, उघडा.

तिथेच मनात ठरून गेलं. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा चांगली सबब कुठली मिळणार? जे मोजलं ते केलं. मूळ बांधकामात जे नव्हतं, ते नाही. कुणी विचारलंच तर वही दाखवता येईल.

घर करायला पाच महिने लागले. मधे एकदा अक्काचा फोन आला. ती आता जळगावला राहते, तिचं स्वतःचं शिलाईचं दुकान आहे. मी उत्साहात सांगून टाकलं की आपलं क्वार्टर बनवतोय.

"खरंच? सगळं?"

"सगळं. तुझी परातसुद्धा करणार आहे."

"फुटाला किती धरतोस?"

"अर्धा इंच."

"बरं," म्हणाली आणि वीजबिलाचं काही तरी बोलू लागली. मला वाटलं, सहज विचारलं असेल.

आईला ऐंशी वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी मी घर सगळ्यांसमोर उघडलं. आई आमच्याकडेच धुळ्यात असते. ती मूळची पिंपळनेरकडची. इतकी वर्षं भुसावळला काढली तरी आनंद झाला की ती अहिराणीत बोलते. मी कौलांचं छप्पर उचललं. आई खुर्चीतून पुढे वाकली. सगळं आहे की नाही बघत एकेका वस्तूवर बोट ठेवत गेली.

"माय वं! बठ्ठं शे. मन्ही शेगडी शे, पाटा शे. तुन्हा बापनी खुर्ची भी शे." मग तिचं बोट पुढच्या उघड्या व्हरांड्यावर येऊन थांबलं. "पन मन्ही पोरनी खाट कोठे शे?"

मी काही बोलायच्या आत अक्काच बोलली. "अगं आई, त्यानं पहिलेचं घर केलंय. क्वार्टर नवीन मिळालं तेव्हाचं. तेव्हा मी फ्रॉक घालत होते. हो ना रे भाऊ?"

तिनं माझ्यासाठी दार उघडून दिलं होतं. मी त्यातून सरळ बाहेर पडलो.

"हो. आणि ते पत्रे मूळ बांधकामात नव्हतेच," मी म्हणालो.

"ऐकलंत का? साहेबांनी माझं घर पास केलं नाही," अक्का म्हणाली आणि हसली. सगळे हसले. मीही हसलो. आई मात्र हसली नाही, तिचं बोट अजून व्हरांड्यावरच होतं.

दुपारी निघताना अक्कानं पर्समधून कागदाची एक पुडी काढून माझ्या बायकोच्या हातात दिली. "हे घे. त्या घरात कुठेही टाक. पायपुसणं म्हण." आणि बसला उशीर होतोय म्हणून रिक्षात बसून गेलीसुद्धा.

पुडीत एक गोधडी होती. ब्लाउजच्या कापडांच्या चिंध्यांची, सात रंगांची, वर बारीक धावदोरा. टाके इतके लहान की मला भिंग घ्यावं लागलं. मी ती आई-नानांच्या पलंगावर अंथरून बघितली. अपुरी पडली. दोन्ही बाजूंनी पलंग उघडा राहिला. मला कळेना, इतकी नीट काम करणारी बाई मापात कशी चुकली. सवयीनं पट्टी लावली. तीन इंच लांब, सव्वा इंच रुंद. म्हणजे सहा फूट बाय अडीच फूट.

ते पलंगाचं माप नव्हतंच. ते एका माणसाच्या खाटेचं माप होतं. आमच्या घरात तशी खाट एकच होती.

मी पट्टी खाली ठेवली. फुटाला किती धरतोस, हे तिनं का विचारलं होतं ते आता कळलं. तिनं घरी बसून हिशोबानं कापड बेतलं, शिवलं, पर्समध्ये घालून आणलं. आपल्या खाटेवर आपल्या हातानं अंथरायला. आणि इथे येऊन बघते तर खाटच नाही. तरी माझी लाज झाकायला तीच पुढे झाली.

बायको शेजारी येऊन उभी राहिली. "ही कुठल्या खाटेची?"

"व्हरांड्यातल्या."

"आई विचारत होत्या ती खाट व्हरांड्यात होती? तिथे तर अडगळीची खोली होती ना? तुम्हीच सांगितलं होतं माझ्या बाबांना."

पंचवीस वर्षं झाली, पण वाक्य तिच्या लक्षात होतं. तिनं ते साधं म्हणून लक्षात ठेवलं होतं, मी दुसऱ्या कारणानं.

माझ्या लग्नाचं बोलणं चाललं होतं तेव्हाची गोष्ट. मुलीकडचे घर बघायला येणार होते. परत आलेली मोठी बहीण घरात आहे म्हटल्यावर पाहुणे काय विचार करतील, अशी कुजबूज आमच्याकडे दोन दिवस चालू होती. कोणी स्पष्ट बोलत नव्हतं. शेवटी अक्कानंच सांगितलं की मी शेजारच्या काकूंकडे जाऊन बसते. खाटेवर गाद्या आणि ट्रंका रचल्या, मशीनवर चादर टाकली. पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले. चहा झाला. माझे होणारे सासरे उठून घर बघू लागले. व्हरांड्याच्या पत्र्याशी थांबून त्यांनी विचारलं, "इकडे काय?"

नानांनी रिकामा कप उचलला. आई आत होती. मी म्हणालो, "ती अडगळीची खोली आहे. काही नाही तिथे."

बांबूचा तट्ट्या जमिनीपासून वीतभर वर होता. त्याच्याखालून मला अक्काचे पाय दिसत होते. काकूंच्या घराला कुलूप होतं म्हणून ती परत येऊन आत बसली होती. माझं वाक्य संपल्यावर ते पाय हळूच मागे सरकले.

माझ्या लग्नाला पंधरा दिवस असताना अक्कानं जळगावला भाड्यानं खोली घेतली. तिथे शिवणाला गिऱ्हाईक जास्त आहे, म्हणाली. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मी कारण विचारलं नाही, कारण मला ते माहीत होतं. बायको आली तेव्हा व्हरांड्यात माझी सायकल आणि धान्याची कोठी होती. म्हणजे खरंच अडगळ.

हे सगळं मी बायकोला त्या दिवशी सांगितलं. तिनं गोधडी उचलून माझ्या हातात दिली. मग एवढंच म्हणाली, "मला सांगितलं असतं तरी मी लग्न केलं असतं. आता खोली करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्र्याला लागलो. पदार्थांच्या पार्सलच्या डब्यांवर जे ॲल्युमिनियमचं पातळ झाकण येतं, ते कंगव्याच्या दातांवर ठेवून पेन्सिलीच्या टोकानं दाबलं की हुबेहूब पन्हळीचा पत्रा होतो. त्यावर गंज म्हणून विटकरी रंगाचा हात. तट्ट्यासाठी झाडूच्या काड्या चिरून विणल्या. मशीन सगळ्यात अवघड. चाकाला टिचबटण वापरलं, पायडलला कंगव्याचाच तुटका तुकडा.

पण खाट ठेवायची वेळ आली आणि माझा हात थांबला. कुठल्या भिंतीला? मशीन डावीकडे की उजवीकडे? मला आठवेना. नऊ वर्षं त्या खोलीवरून मी ये-जा केली आणि आत फारसा कधी गेलोच नव्हतो. आईला विचारलं. तिनं डोळे मिटले आणि एका दमात सांगितलं. खाट भिंतीला, उशी खिडकीकडे, कारण नानांनी पत्रा कापून वीतभर खिडकी केली होती, तिथून वारा यायचा. मशीन डावीकडे. खिळ्याला कात्री. कात्रीच्या खाली आरसा.

"आरसा भी करशी ना?" आईनं विचारलं.

"करस ना, आई," मी म्हटलं. तिच्या बोलीत मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

शनिवारी घर मांडीवर घेऊन मी धुळ्याहून जळगावच्या एसटीत बसलो. फूटभर लांब, रुंदीला थोडं कमी. बायकोनं वर ओढणी बांधून दिली होती. कंडक्टर आला.

"काय शे भाऊ? देव्हारा?"

"नाही, घर आहे."

"घर? मंग घरपट्टी भरी का?" त्यानं ओढणीचं टोक उचलून बघितलं आणि मागच्या माणसाला हाक मारली, "ओ आबा, दखा, बस मा बंगला!"

पारोळ्यापर्यंत निम्म्या बसनं ते घर बघून घेतलं होतं. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, फेटा, हातात दवाखान्याच्या कागदांची पिशवी. ते बराच वेळ व्हरांड्यात डोकावत होते.

"खाट तं झकास करी. आठे कोन ऱ्हास?"

"माझी बहीण," मी म्हणालो. "मोठी बहीण. सासरहून परत आली होती. नऊ वर्षं इथे राहिली."

ते "हां" म्हणाले आणि मान हलवली. एवढंच. पुढे शेंगा काढून मला दिल्या. एरंडोल आलं. मला एकदम लक्षात आलं की हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोललो होतो आणि काहीही झालं नव्हतं. बस चालू होती, शेंगा खारट होत्या. पाठीतून कुणी तरी गाठ सोडवल्यासारखं वाटलं. त्यानंतर जळगावपर्यंत मी खिडकीतून केळीच्या बागा बघत गेलो, आणि खरं सांगायचं तर मला मजा आली.

अक्का दुकान बंद करून जेवायला घरी आलेली होती. मला दारात बघून म्हणाली, "फोन नाही काही नाही. आई बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग असं तोंड काय केलंयस? आत ये. जेवलास का?"

तिनं कापण्याच्या टेबलावरचे कापडाचे गठ्ठे बाजूला सारले. मी घर ठेवलं, ओढणी सोडली. तिनं मशीनवर बसताना लावायचा चष्मा लावला आणि खुर्ची ओढून व्हरांड्यासमोर बसली. तोंड खोलीच्या इतकं जवळ नेलं की तिच्या श्वासानं तट्ट्या हलला. खाटेवर तिची गोधडी होती, चारही बाजूंनी बरोबर बसलेली.

तिनं एकेक वस्तू तपासली. मी उभाच.

"मशीन डावीकडे. बरोबर," ती शेवटी म्हणाली. "आरसा... आरसा तू बघितला होतास?"

"आईनं सांगितलं."

"तेच म्हटलं." मग नखाच्या टोकानं तिनं पत्र्याचं दार ढकललं. ते आत उघडून खाटेला अडलं. "हे चुकलं बघ. दार आत कसं उघडेल? खाट आडवी येते. ते बाहेर उघडायचं."

"चुकलं," मी म्हणालो. "बिजागरी फिरवतो. पाच मिनिटांचं काम आहे."

"फिरव." ती चष्मा काढून माझ्याकडे बघू लागली. डोळ्यांत पाणी होतं, पण ओठ हसत होते. "पण दारासाठी तू धुळ्याहून बसनं आलेला नाहीस. बस त्या स्टुलावर. काय ते बोल."

मी बसलो. येताना बसमध्ये मी पुष्कळ वाक्यं तयार केली होती, कारणांसकट. ती सगळी सोडून दिली.

"अक्का, माझं लग्न ठरवायला पाहुणे आले होते, तेव्हा तुझ्या खोलीला मी अडगळीची खोली म्हणालो. तू आत आहेस हे मला माहीत होतं. तुझे पाय मला दिसत होते, तरी म्हणालो. आणि आता घर केलं तेव्हा वही-पट्टीच्या आड लपून तुला पुन्हा घराबाहेर काढलं. नानांनी नाही, आईनं नाही, मी काढलं. माझं चुकलं, अक्का. मला माफ कर."